म्हातारीच्या डावीकडे

साडूंच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. 'अजून दिलं नाही' असं मी नऊ आठवडे स्वतःला सांगत होतो. पण नऊ आठवड्यांनंतर 'अजून' हा शब्द वापरताना माणसाला जरा लाज वाटायला हवी. पत्र मेजाच्या खालच्या खणात, वाळून गेलेल्या दौतीखाली होतं. दिसू नये म्हणून तिथे ठेवलेलं, आणि खण उघडला की आधी तेच दिसायचं.

साडूंचं अक्षर मोठं, उजवीकडे झुकलेलं, वाऱ्यात चालल्यासारखं. त्यांनी लिहिलं होतं:

'भाऊसाहेब, फोनवर तुम्ही नुसतं हं म्हणता आणि त्या हं चा अर्थ मला पस्तीस वर्षांत लागलेला नाही, म्हणून पत्र. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघतेय. पहिलीत चुका असणारच, मी काही तुमच्यासारखा अभ्यासू नाही. एकदा नजरेखालून घाला. विशेषतः पान सत्तेचाळीस. पाहुणी खडकाची जागा मी लिहिलीये एक, तुमच्या नकाशात आहे दुसरी. मला होडीवाल्यांनी सांगितलं ते मी लिहिलं. पण नकाशा तुमच्या हातचा. तुम्ही म्हणाल तसं छापतो.'

या पत्रात कुठेही खोट काढण्यासारखं काही नव्हतं. त्याचाच मला जास्त राग आला.

मी सागरी नकाशांच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. छत्तीस वर्षं. पाण्याच्या खोलीचे आकडे आणि खडकांची नावं पारदर्शक कागदावर शाईने लिहायची, एवढंच काम. अक्षर इतकं बारीक, की एकेक नाव पुरं होईपर्यंत श्वास रोखून धरायचा. श्वास रोखून धरणं मला चांगलं जमायचं. आयुष्यात दुसरं काही तितकं जमलं असं वाटत नाही.

नावं लिहिता लिहिता ती आली कुठून याचा नाद लागला. एका खडकाला 'उपाशी' का म्हणत असतील? 'दोन भाऊ' नावाचे खडक तीन कसे? ('तिसरा वाटणी मागायला मागाहून आला,' असं एक मासेमार मला म्हणाला होता. मी ते तसंच लिहून घेतलं आणि खाली 'विनोद असावा' अशी टीप दिली.) सुट्टीच्या दिवशी वही घेऊन किनाऱ्याने हिंडायचो. त्यातून अकराशे चाळीस कार्डं झाली, बुटांच्या चार खोक्यांत, अक्षरक्रमाने. त्यांचं पुस्तक करायचं होतं. प्रस्तावना सात वेळा लिहिली. सातव्या वेळी वाटलं की पहिलीच बरी होती. पण ती तोवर फाडून झाली होती.

साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचे यजमान. जन्मभर होड्यांची इंजिनं दुरुस्त करत आले. हात कायम काळे, तोंड कायम चालू. ते खोलीत आले की खोलीतली माणसं खुर्च्या त्यांच्याकडे वळवून बसायची. सासूबाई आजारी होत्या तेव्हा मी तीन दिवस त्यांच्या पलंगाशी बसून होतो. चौथ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "धाकटे जावई आले का?" ते त्यांचं शेवटचं बोलणं.

निवृत्त झाल्यावर साडू दोन तासांवरच्या गावी मुलीजवळ राहायला गेले. तिथे वेळ जाईना म्हणून त्यांनी पुस्तक लिहिलं. वेळ जाईना म्हणून. एकशे बारा पानं, आपल्या किनाऱ्यावरच्या खडकांची नावं आणि त्यांच्या गोष्टी.

ते घेऊन ती दोघं आमच्याकडे आली तो दिवस मला स्पष्ट आठवतो. साडूंनी प्रत माझ्या हातात दिली नाही; मेजावर ठेवली आणि बोटाने हळूच माझ्याकडे सरकवली.

"हसू नका हं भाऊसाहेब," ते म्हणाले. "ग्रीसच्या हाताने लिहिलंय."

"हं," मी म्हणालो.

"बघ, पुन्हा हं," साडू मेहुणीला म्हणाले. "यांना इंजिन असतं ना, तर आवाजावरून तरी बिघाड ओळखला असता."

सगळे हसले. हीसुद्धा हसली. माझ्या बोलण्यावर ही शेवटची कधी हसली होती ते मला आठवेना.

पहिल्या पानावर छापलं होतं: 'माझ्या थोरल्या साडूंना. त्यांना हे सगळं माझ्याआधी ठाऊक होतं.' मी ते वाक्य वीस वेळा वाचलं. पुढून वाचलं, मागून वाचलं, भिंग लावून वाचलं. टोमणा सापडेना. टोमणा सापडला असता तर फार बरं झालं असतं.

पुस्तक खपलं. वाचनालयातल्या बाईंनी ते दारासमोरच्या कपाटात उभं करून ठेवलं, म्हणजे मी जाताना एकदा आणि येताना एकदा ते पाहावं. दंतवैद्याकडे बसलो होतो, तर समोरची बाई नवऱ्याला त्यातलंच काहीतरी वाचून दाखवत होती आणि तो सुजल्या गालाने हसत होता. माझी दाढ ठणकत होती. पण त्या दिवशी पोटातलं दुखणं दाढेच्या पुढे गेलं.

एका गोष्टीचं मला कोडं होतं. होडीवाल्याच्या तोंडून एक वाक्य काढायला मला चार फेऱ्या माराव्या लागत. मी विचारायचो, "या नावाची उत्पत्ती आपल्या मते काय असावी?" आणि समोरचा माणूस धुतलेली होडी पुन्हा धुवायला घ्यायचा. साडू काहीच विचारत नसत. इंजिनाखाली उताणे पडलेले असायचे, नुसते पाय बाहेर. आणि लोक त्या पायांशी बसून मन मोकळं करायचे. पायांपुढे इतकं बोलता येतं हे मला आधी कळलं असतं, तर मीही कुठेतरी आडवा झालो असतो.

पुस्तक मी पेन्सिल घेऊन वाचलं. "वाचताय की शिकार करताय?" असं हिने विचारलंही. सहा मुद्रणदोष मिळाले. सहाने काय होतं? आणि मग सत्तेचाळिसावं पान आलं.

'बंदराच्या तोंडाशी तीन खडक आहेत,' साडूंनी लिहिलं होतं. 'मधली म्हातारी. तिच्या डावीकडे पाहुणी, उजवीकडे करवत. पाहुणी म्हातारीच्या आड गेली की होडी वळवायची. पाहुणी घरात गेली, आता आपणही घरी, असं जुने लोक म्हणत. नाव त्यावरूनच पडलं. विश्वास नसेल तर समुद्रातून बघा.'

मी पेन्सिल खाली ठेवली. पाहुणी माझी होती. त्या तीन खडकांची नावं नकाशावर मी लिहिली होती, नोकरीच्या पहिल्याच वर्षी. मोजणीची होडी बंदरातून बाहेर पडायच्या आत मला उलट्या सुरू झाल्या. साहेबांनी मला काठावर उतरवलं आणि म्हणाले, कड्यावर जा, निदान नावं तरी लिहून घे. कड्यावर एक म्हातारा नावाडी जाळं सांधत बसला होता. त्याने जाळ्यातून मान वर न काढता नावं सांगितली: मधली म्हातारी, तिच्या डावीकडे पाहुणी, उजवीकडे करवत. मी त्याच्यामागे समुद्राकडे तोंड करून उभा होतो. समोर तिन्ही खडक स्वच्छ दिसत होते. डावीकडे पाहुणी, उजवीकडे करवत, असं मी लिहून घेतलं. चुकायला जागाच नव्हती.

पुढे मी त्यावर कचेरीच्या वार्षिकात अकरा पानांचा लेखही लिहिला. छापून आलेला माझा तो एकमेव लेख. एक जहाज फुटलं, त्यातली एक परकी बाई त्या खडकावर तगून राहिली आणि गावाने तिला पाहुणी म्हणून ठेवून घेतली, असा माझा सिद्धान्त होता. पुरावा म्हणून समोरच्या वाळूत सापडलेलं हाडाचं एक बटण होतं. करवत नावाच्या खडकाला एकही दात नाही, तो चांगला गुळगुळीत आहे, ही अडचण मी तळटीपेत सोडवली होती: 'लाटांनी दात झिजवले असावेत.'

शब्द तेच, पण साडू समुद्रातून बघत होते आणि मी कड्यावरून; म्हणून नकाशावरची पाहुणी आणि साडूंची पाहुणी, दोघी म्हातारीच्या दोन बाजूंना. म्हणजे साडू चुकले होते. सगळ्या गावाने डोक्यावर घेतलेल्या पुस्तकात एक खडकाएवढी चूक होती, आणि ती जगात एकट्या मला ठाऊक होती.

त्या दिवशी मी दोनदा चहा मागितला. ही म्हणाली, "आज स्वारी खुशीत दिसतेय."

त्यानंतर आठवडाभरात साडूंचं पत्र आलं, आणि मी ते दौतीखाली ठेवलं. खरं ते सांगून टाकायला हवं. मला चूक दुरुस्त व्हायला नको होती. ती दुसऱ्या आवृत्तीत पुन्हा छापली जावी, आणि मग मी वर्तमानपत्राला एक अत्यंत नम्र पत्र लिहावं, असा माझा बेत होता. नम्र पत्राचे चार खर्डे तयारही होते. 'एका लोकप्रिय पुस्तकातील एक लहानशी चूक' हे शीर्षक. त्यातला 'लहानशी' मी तीन वेळा खोडून पुन्हा लिहिला होता.

फक्त पुरावा हवा होता. 'विश्वास नसेल तर समुद्रातून बघा,' हे साडूंचं वाक्य मला खुपत होतं. उद्या कुणी म्हणेल, तुम्ही समुद्रातून पाहिलं का? तेव्हा तिन्ही खडकांचा समुद्रातून काढलेला एक फोटो पत्राला जोडावा म्हणजे कुणाला तोंड उघडायला जागा उरणार नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला?

"होडीतून जाऊन येतो जरा," मी हिला म्हणालो.

ही कपड्यांच्या घड्या करत होती. हातातला सदरा तसाच राहिला. "तुम्ही? होडीतून?"

"कामासाठी."

"मग मी येणारच. हे बघायला मिळावं म्हणून तर तुमच्याशी लग्न केलं होतं."

धक्क्यावर एक होडीवाली मिळाली. पन्नाशीची बाई. सकाळी मासेमारी करायची आणि दुपारी हौशी लोकांना फिरवून आणायची. तिने मला हात देऊन होडीत घेतलं, बाकावर बसवलं आणि न विचारता माझ्या पायांशी एक बादली ठेवली.

"आजोबा, लांब क्षितिजाकडे बघा. पायांकडे बघाल तर सगळं बाहेर येईल."

"ते जन्मभर पायांकडेच बघत आलेत," ही म्हणाली.

बंदराचं तोंड ओलांडायच्या आत बादली उपयोगी पडली. मग दुसऱ्यांदा. होडीवाली शीळ घालत होती. ही पुढे वाऱ्यात बसली होती, केस सुटलेले, आणि मी तिला इतकं खुशीत कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. साडूंनी तिच्या बहिणीला किती वेळा होडीतून नेलं असेल, हा विचार उलटीबरोबर वर आला.

बऱ्याच वेळाने होडीवालीने इंजिन मंद केलं आणि होडी किनाऱ्याकडे फिरवली. "फोटो कशाचा काढायचाय?"

"पाहुणीचा."

"ती बघा समोर. म्हातारीच्या डावीकडे."

मी तोंड पुसलं, चष्मा पुसला आणि पाहिलं. मधे म्हातारी, पाठीत वाकलेली. तिच्या डावीकडे एक गोल, गुळगुळीत खडक, थोडा मागे, किनाऱ्याच्या बाजूला, दाराशी उभं राहून आत यावं की नाही असा विचार करणाऱ्या बाईसारखा.

"नाही," मी म्हणालो. "ती करवत."

होडीवाली हसली नाही. लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली, "आजोबा, तिला एक तरी दात आहे का? तिला करवत कोण म्हणेल? करवत ही काय."

तिने उजवीकडे बोट केलं. कड्यावरून मला जन्मभर ज्याची पाठ दिसत होती, झोपलेल्या जनावरासारखी वाटोळी पाठ, तो खडक समुद्राच्या बाजूने उभा चिरलेला होता. पाण्यापासून माथ्यापर्यंत दातच दात. मी मोजले. मोजायची सवय आहे म्हणून मोजले. सात होते. लाटांनी एकही झिजवलेला नव्हता.

"पण डावीकडे म्हणजे... कुठून बघून डावीकडे?" माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

"कुठून म्हणजे? घरी येताना."

"आणि जाताना?"

"जाताना नावं कशाला लागतात? जाताना समोर नुसतं पाणीच असतं."

जाळ्यात मान घालून बसलेला तो म्हातारा मला दिसला. कड्यावर बसूनही तो होडीत होता. घरी येत होता. त्याची डावी बाजू ही माझी उजवी बाजू होती, आणि त्याला मान वर करायला लावेल असा एक साधा प्रश्न मी विचारला नव्हता. 'ती कुठली, बोटाने दाखवता का?' एवढाच. मी लाजलो होतो.

"आता बघा हं," होडीवाली म्हणाली. होडी पुढे सरकत होती तशी पाहुणी हळूहळू म्हातारीच्या मागे जात होती. आधी अर्धी राहिली, मग खांद्याएवढी, मग नाहीशी झाली. "गेली घरात," म्हणत होडीवालीने सुकाणू वळवलं. "चला, आता आपणही." समोर बंदराची वाट उघडली, सरळ.

"आणि करवत म्हातारीआड गेल्यावर वळलं तर?" मी विचारलं.

"पोहता येतं का तुम्हाला?"

"नाही."

"मग नका वळू. त्या बाजूला पाण्याखाली दगडांची ओळ आहे, ओहोटीलाही दिसत नाही." तिने सुकाणू सरळ केलं. "हल्ली हौशी लोक स्वतःच होडी हाकत येतात. परवा एक जोडपं आलं. बाई पुस्तक उघडून वाचतेय, नवरा वळवतोय. म्हटलं, आता आपटतात. पण अगदी सरळ आत आले. मेकॅनिकने बरं काम केलंय ते."

ही माझ्याकडे बघत होती. ड्राफ्ट्समनची बायको होती ती, नकाशा तिनेही पाहिला होता. तिने पिशवीतून कॅमेरा काढला आणि माझा बादलीसकट फोटो घेतला.

आम्ही घरी आलो. चपला काढताना ही म्हणाली, "म्हणजे चाळीस वर्षं उंटावरूनच शेळ्या हाकल्यात."

"पण ते बटण?" मी म्हणालो. का कोण जाणे, त्या क्षणी मला जहाज फुटलेल्या त्या बाईचं फार वाईट वाटत होतं. "बटण तर खरं होतं."

"तुमच्याच जुन्या कोटाचं होतं. वरून दुसरं. मी तेव्हाच ओळखलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती खुशीत होता," ही म्हणाली आणि आत गेली.

मी मेजाशी बसलो. नम्र पत्राचे चारही खर्डे फाडले. मग स्वतःची समजूत घालायला लागलो. पुस्तक बरोबर आहे, ते बरोबरच राहील. नकाशा चुकलाय, पण मासेमार नकाशा बघत नाहीत आणि मोठी जहाजं खडकांची नावं वाचत नाहीत. कुणाचं काही बिघडलेलं नाही. अळीमिळी गुपचिळी. पत्राला उत्तर द्यायचं नाही, हे ठरलेलंच होतं. आधी ते द्वेषाने ठरवलं होतं, आता शरमेने. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

सोमवारी दुपारी मेहुणीचा फोन आला. तो हिने घेतला. बराच वेळ "हो का", "अगंबाई" चाललं होतं. फोन ठेवून ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"धाकटीचा होता. पुस्तक शुक्रवारी छापखान्यात जातंय."

"हं."

"ते पान बदलतायत. सत्तेचाळीस."

मी मान वर केली.

"धाकटी म्हणते, हे सारखं एकच म्हणत बसलेत. भाऊसाहेबांनी नऊ आठवडे उत्तर दिलं नाही, म्हणजे माझंच चुकलंय. माझ्या तोंडावर सांगायचं जिवावर आलं म्हणून बिचारे गप्प राहिले. किती सभ्य माणूस. तर आता नकाशाप्रमाणे करून टाकतो, म्हणजे त्यांना अवघडायला नको."

"हं," मी म्हणालो.

"सभ्य," ही म्हणाली. पण दारातून गेली नाही.

ती शेवटी गेली तेव्हा मी दार लावून घेतलं. त्या तासाभरात माझ्या मनात जे आलं ते मी एरवी कागदावर उतरवलं नसतं. पहिल्यांदा आला तो आनंद. काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात मला कुणी हरवलेलं नाही. शुक्रवारी माझी चूक साडूंच्या पुस्तकात छापली जाईल, हजारो लोक ती वाचतील, दंतवैद्याकडे ती मोठ्याने वाचली जाईल. दहा वर्षांनी नकाशा आणि पुस्तक दोन्ही एकच सांगतील, आणि मग तेच खरं होईल. होडीवाल्या दुसरं काही म्हणतील, पण त्यांना विचारतो कोण? मी जन्मभर बरोबर ठरेन. आणि माझ्या साडूंच्या पुस्तकात, त्यांच्याच शब्दांत, त्यांनी आपणहून, माझ्यासमोर हार मानलेली असेल.

इतकं गोड मला बऱ्याच वर्षांत काही वाटलं नव्हतं.

मग डोळ्यांसमोर ते जोडपं आलं. त्यांचे चेहरे मी पाहिलेले नाहीत. बाई वाचतेय, नवरा सुकाणू धरून बसलाय, पुस्तकावर त्याचा पूर्ण विश्वास. वाक्य तेच: 'पाहुणी म्हातारीच्या आड गेली की होडी वळवायची.' फक्त डावीकडची पाहुणी उजवीकडे गेलेली. नवरा वाट बघतो, दातेरी खडक म्हातारीच्या आड जातो, आणि तो वळतो.

मी बाहेर येऊन फोन उचलला. ही स्वयंपाकघरातून बघत होती. साडूंनीच घेतला.

"भाऊसाहेब! तुम्ही आणि फोन? सगळं ठीक ना? ताई बरी आहे ना?"

"हं."

"पुस्तकाचं म्हणत असाल तर अजिबात मनाला लावून घेऊ नका. कळलं मला. नकाशाप्रमाणे करतोय. उगाच तुम्हाला अवघडात टाकलं. मी काय, ऐकीव माणूस. तुम्ही अभ्यास केलेला. ती बाई, ते बटण, मी वाचलाय तुमचा लेख. दोनदा. तसं लिहिता यायला हवं."

माझा लेख त्यांनी वाचला होता. दोनदा. जगात तो दोनदा वाचणारा एकच माणूस असेल आणि तो हा असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं. बोलायला तोंड उघडलं आणि आलं ते "हं" आलं.

"बरं, ठेवतो मग," साडू म्हणाले. "ताईला सांगा."

"झालं बोलून?" हिने विचारलं.

"कागद दे," मी म्हणालो. सगळा कागद माझ्याच मेजावर होता.

पत्र मी उभ्यानेच लिहिलं, कारण बसलो असतो तर खर्डा केला असता. ते असं होतं:

'तुमचं पान सत्तेचाळीस बरोबर आहे. त्यातला एकही शब्द बदलू नका. नकाशा चुकलेला आहे. मी नावं कड्यावरून लिहून घेतली, समुद्राकडे तोंड करून. सांगणारा घराकडे तोंड करून सांगत होता. मी परवा होडीतून जाऊन पाहिलं. करवतीला सात दात आहेत. तुमच्या पत्राला उत्तर दिलं नाही ते सभ्यपणाने नव्हे. तुम्ही चुकला आहात असं मला वाटत होतं आणि ती चूक पुन्हा छापली जावी अशी माझी इच्छा होती. नकाशा दुरुस्त करावा म्हणून कचेरीलाही आजच लिहितो आहे. तुम्ही वाचलेल्या लेखातलं बटण माझ्या कोटाचं होतं. सोबत सहा मुद्रणदोषांची यादी आहे. त्या चुका मात्र खऱ्या आहेत. पहिल्या पानावर तुम्ही लिहिलंय की मला हे सगळं तुमच्याआधी ठाऊक होतं. ते खरं नाही. तेवढी अर्पणपत्रिका काढून टाका.'

शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर मी पुन्हा वाचलं नाही. पाकीट चिकटवलं. ही पायात चपला घालून तयारच होती.

पत्रपेटी कोपऱ्यावर, औषधांच्या दुकानापुढे आहे. आत टाकलेलं पत्र तळाशी पडल्याचा आवाज येतो, कारण हल्ली त्यात फारशी पत्रं नसतात. तो आवाज आला, आणि त्याच क्षणी माझ्या मनात आलं, की सगळं सांगितलं ते बरं केलं, पण पहिल्या पानावरचं ते वाक्य राहू द्यायला काय हरकत होती? ज्यात मी आहे असं तेवढंच तर एक पुस्तक. उद्या वाचनालयातल्या बाई नवी आवृत्ती दारासमोर लावतील आणि तिच्यात मी नसेन.

मी फटीत बोटं घातली. पेरापर्यंत, मग मुठीपर्यंत. पत्र कुठेच लागेना.

"हात काढा," ही हळूच म्हणाली. "लोक बघतायत."

मी हात काढला. मुठीवर गंजाचा लाल पट्टा उठला होता. तिने आपल्या रुमालाने तो पुसला, आणि आम्ही घराकडे वळलो.